रिबूटनंतर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतोय, आणि त्याआधी सर्व्हिस "कोअर डम्प्ड" म्हणून मरत होती पण कोअर फाईल कुठेच नाही

काळी_स्क्रीन:
मंडळी जरा मदत हवीये. रेड हॅट घराण्यातला लिनक्स सर्व्हर आहे, सिस्टमडीवाला (सिस्टमडी म्हणजे बूटच्या वेळी सर्व्हिसेस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम). त्यावर आमची एक सर्च सर्व्हिस चालते, सी प्लस प्लसमधली, तिचा इंडेक्स वेगळ्या डिस्कवर आहे, /डेटा वर माउंट, एक्सएफएस फाईलसिस्टम. गेले काही दिवस ही सर्व्हिस मधेच मरायची आणि सिस्टमडी तिला परत उठवायचा त्यामुळे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, लॉगमध्ये फक्त "कोड=डम्प्ड, स्टेटस=७/बस" एवढी एक ओळ. म्हटलं कोअर (प्रोसेस मरताना तिच्या मेमरीची निघणारी प्रत) बघू, तर कोअरच सापडेना. वर्किंग डिरेक्टरीत नाही, रूटमध्ये नाही. युलिमिट (कोअरच्या साइजची मर्यादा) अनलिमिटेड केली, लिमिट्स डॉट कॉन्फमध्येही टाकलं, तरी नाही.

मग कर्नल अपडेट पेंडिंग होताच म्हणून तो मारून रिबूट केला, आणि आता बूट होताना दीड मिनिट नुसता थांबतो आणि मग इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड मागतो. ग्रबमधून (बूटलोडर) जुना कर्नल निवडून बघितला, तेच. टीममधल्या सगळ्यांचं म्हणणं अपडेटनेच घोळ घातलाय, रोलबॅक करा. मला ते पटत नाहीये पण नक्की काय बघायचं तेही कळत नाहीये.

शेल_शॉक:
रोलबॅक करू नका. बूट कुठल्या पायरीवर अडकलंय ते प्रॉम्प्टच सांगतो, तेवढं बघितलं तरी निम्मं काम होतं. नुसतं "ग्रब रेस्क्यू>" दिसत असेल तर ग्रबला स्वतःचीच मॉड्यूल्स सापडत नाहीयेत, कर्नलपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. कर्नल पॅनिक होऊन "अननोन-ब्लॉक (०,०)" येत असेल तर बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस (रूट फाईलसिस्टम मिळेपर्यंत वापरायची छोटी तात्पुरती सिस्टम) गायब किंवा अर्धवट असते, अपडेटच्या वेळी /बूट पार्टिशन भरलेलं असलं की हे हमखास होतं, आणि तिथे जुना कर्नल निवडला की सुटका होते. "ड्रॅकट" नावाचा शेल आला तर इनिटरॅमएफएस चालू झाली पण तिला रूट फाईलसिस्टम मिळेना.

तुमच्याकडे रूटचा पासवर्ड मागतोय म्हणजे ग्रब, कर्नल, इनिटरॅमएफएस आणि रूट फाईलसिस्टम सगळं पार पडलंय आणि सिस्टमडी पुढचं काहीतरी माउंट करताना अडलाय. ते दीड मिनिटही त्याचंच, डिव्हाइस दिसायची वाट बघायची डिफॉल्ट मुदत ९० सेकंद असते. तेव्हा कर्नल बिचारा निर्दोष, संशय एफएसटॅबमधल्या (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) एखाद्या ओळीवर.

पासवर्ड देऊन आत जा आणि "जर्नलसीटीएल -एक्सबी" चालवा, पण शेवटून वाचू नका. शेवटी "डिपेंडन्सी फेल्ड" च्या दहा ओळी असतात आणि त्या सगळ्या परिणामाच्या. वरून खाली या आणि पहिलं "टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस" शोधा, तिथे जो यूयूआयडी (फाईलसिस्टमचा ओळख क्रमांक) दिसेल तो एफएसटॅबमध्ये कुठल्या ओळीत आहे ते बघा, मग "एलएसबीएलके" आणि "बीएलकेआयडी" दोन्ही चालवून ती डिस्क आणि तो यूयूआयडी प्रत्यक्षात दिसतायत का ते बघा.

तात्पुरतं बूट करायचं असेल तर त्या ओळीत ऑप्शन्समध्ये "नोफेल" टाका, म्हणजे ती डिस्क नसली तरी बूट अडणार नाही. रूट फाईलसिस्टम रीड-ओन्ली असेल तर आधी रीड-राइट रीमाउंट करावी लागेल नाहीतर एडिटर सेव्हच करू देणार नाही. रिबूटच्या आधी "फाइंडएमएनटी --व्हेरिफाय" मारा, एफएसटॅबमधल्या चुका तो तिथल्या तिथे दाखवतो, हे फार कमी लोक वापरतात का कोण जाणे.

रूट_नको_रे:
एवढं खणत बसण्यापेक्षा रीइन्स्टॉल मारा, तासाभरात काम फत्ते. एफएसटॅब नवीन बनेल.

शेल_शॉक:
आणि डिस्कच मेली असेल तर? नवीन सिस्टमवर तीच मेलेली डिस्क परत माउंट करणार का? कारण माहीत नसताना रीइन्स्टॉल म्हणजे पुरावा पुसून टाकणं.

जीडीबी_ताई:
कोअर का सापडत नाही त्याबद्दल. युलिमिट तुम्ही ज्या शेलमध्ये बदललीत त्या शेलपुरती आणि तिथून सुरू केलेल्या प्रोसेसपुरती. लिमिट्स डॉट कॉन्फ पॅम (लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) वाचतो, म्हणजे लॉगिन सेशनसाठी. सिस्टमडीने सुरू केलेल्या सर्व्हिसचा या दोन्हीशी संबंध नाही, तिच्यासाठी युनिट फाईलमध्ये (सिस्टमडीची त्या सर्व्हिसची सेटिंग फाईल) "लिमिटकोअर=इन्फिनिटी" लागतं.

पण तुमच्या केसमध्ये अडचण तीही नसावी, कारण "कोड=डम्प्ड" येतंय म्हणजे कोअर निघालेला आहे. "/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न" कॅट करून बघा. पहिलं अक्षर पाइपचं असेल तर कर्नल फाईल लिहीतच नाही, तो सगळा ऐवज त्या पाइपपुढच्या प्रोग्रामच्या हवाली करतो. तुमच्याकडे तो सिस्टमडी-कोअरडंप असणार, आणि त्याचं कोठार म्हणजे "/व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडंप", तिथे कॉम्प्रेस करून ठेवलेले असतात. "कोअरडंपसीटीएल लिस्ट" मारा. कोअरफाईलच्या कॉलममध्ये "प्रेझेंट" असेल तर नशीब, "मिसिंग" म्हणजे नोंद आहे पण फाईल साफसफाईत गेली, "ट्रंकेटेड" म्हणजे साइजच्या मर्यादेमुळे कापली. सिस्टमडीच्या जुन्या व्हर्जनमध्ये ही मर्यादा २ जीबी होती, मोठ्या प्रोसेसला अजिबात पुरत नाही, कोअरडंप डॉट कॉन्फमध्ये वाढवता येते.

एक सांगते, लिस्ट जर्नलमधून (सिस्टमडीचा लॉग) येते. "/व्हार/लॉग/जर्नल" हा फोल्डरच नसेल तर रिबूटबरोबर जर्नल पुसलं गेलं असेल. तसं असेल तर फोल्डरमध्ये थेट बघा आणि जुन्या "/व्हार/लॉग/मेसेजेस" फाईलमध्ये शोधा.

आणि सापडलेला कोअर कृपा करून इथे अपलोड करू नका. त्यात प्रोसेसची मेमरी जशीच्या तशी असते, पासवर्ड आणि कीज सकट.

काळी_स्क्रीन:
दोघांनाही खूप धन्यवाद. जर्नल टिकून होतं. पहिलं टाइमआउट /डेटा च्याच यूयूआयडीवर आहे. गंमत म्हणजे एलएसबीएलकेमध्ये डिस्क दिसतेय, साइजही बरोबर, पण बीएलकेआयडीमध्ये तिचं नावच नाही. नोफेल टाकून मशीन वर आणलं. कोअर पण सापडले! जुने सगळे मिसिंग, सगळ्यात शेवटचा प्रेझेंट. सिग्नलच्या कॉलममध्ये सगळीकडे सिगबस. हा सेगफॉल्टचाच भाऊ ना? डेव्हलपरला पाठवू का?

जुना_युनिक्सवाला:
थांब रे, डेव्हलपरला पाठवू नकोस अजून. सेगफॉल्ट म्हणजे सिग्नल ११, तिथे प्रोग्राम नसलेल्या पत्त्यावर गेला, बहुतेक वेळा कोडचीच चूक. सिगबस लिनक्सवर ७ (सोलारिसवर हाच १०, जुन्या मशीनचे लॉग वाचताना लक्षात ठेव), आणि इंटेलवर कोडच्या साध्या चुकीने तो सहसा येत नाही. पत्ता बरोबर असतो पण त्यामागचं पान कर्नलला आणून देता येत नाही, तेव्हा येतो. तुझी सर्व्हिस इंडेक्स एममॅप करते ना, म्हणजे फाईल मेमरीसारखी वाचते? मग बघ, साध्या रीड कॉलमध्ये डिस्कने दगा दिला तर कर्नल एरर कोड परत देऊ शकतो, पण एममॅपमध्ये प्रोग्राम नुसती मेमरी वाचत असतो, एरर परत द्यायला जागाच नाही, म्हणून कर्नल थेट सिगबस मारतो. दुसऱ्या कुणी ती फाईल मधेच छोटी केली तरी हेच होतं, म्हणून खात्री करून घे.

कोअर जीडीबीमध्ये (डीबगर) उघड, "प्रिंट $_सिगइन्फो" मध्ये ज्या पत्त्यावर धडकला तो मिळेल, मग "इन्फो प्रॉक मॅपिंग्ज" मध्ये तो पत्ता कुठल्या फाईलच्या हद्दीत येतो ते बघ. फाईलचा मजकूर कोअरमध्ये नसेल, शेअर्ड मॅप केलेल्या फाईली डिफॉल्टने डंपमध्ये घेतच नाहीत, पण नाव मिळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. मग "जर्नलसीटीएल -के" ने कर्नलचे मेसेज त्याच वेळेच्या आसपास बघ, आधीच्या बूटसाठी "-बी -१" जोड. आणि स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघ.

माझा अंदाज सांगतो, तुझे दोन प्रॉब्लेम नाहीतच, एकच आहे. बीएलकेआयडी यूयूआयडी वाचतो तो एक्सएफएसच्या सुपरब्लॉकमधून (फाईलसिस्टमची मूळ माहिती असलेला ब्लॉक), आणि तो अगदी सुरुवातीला असतो. डिस्क दिसते पण यूयूआयडी दिसत नाही याचा अर्थ सुरुवातीचाच भाग वाचता येत नाहीये. आधी मधले सेक्टर गेले तेव्हा सर्व्हिस मरत होती, माउंट झालेलं होतं म्हणून बाकी सगळं चाललं. रिबूटने फक्त ते उघडं पाडलं.

काळी_स्क्रीन:
अगदी तसंच निघालं. पत्ता इंडेक्सच्या फाईलमध्येच, कर्नल लॉगमध्ये त्याच मिनिटाला त्याच डिस्कवर आय-ओ एरर, आणि स्मार्टमध्ये पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल दोन्ही शून्याच्या बरेच वर. आता एक्सएफएस_रिपेअर मारू का?

जुना_युनिक्सवाला:
मरत्या डिस्कवर रिपेअर अजिबात नको, तो तिथेच लिहायला जातो. आधी डीडीरेस्क्यूने चांगल्या डिस्कवर कॉपी, मॅप फाईल ठेवून, म्हणजे मधे थांबलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. रिपेअर त्या कॉपीवर. एक्सएफएस सुपरब्लॉकच्या प्रती प्रत्येक अलोकेशन ग्रुपमध्ये (फाईलसिस्टमचा एकेक विभाग) ठेवतो, त्यामुळे पहिला गेला तरी रिपेअर दुसरा शोधून काढतो. आधी "-एन" लावून नुसतं काय करणार आहे ते बघ. "-एल" म्हणजे एक्सएफएसचा स्वतःचा लॉग पुसणं, ते सगळे उपाय थकल्यावर.

पण इंडेक्स मूळ डेटावरून परत बनवता येत असेल तर या भानगडीतच पडू नकोस, नवीन डिस्क लाव आणि रीबिल्ड लाव.

काळी_स्क्रीन:
बनवता येतो, वेळ लागेल पण येतो. नवीन डिस्क मागवली. तोपर्यंत नोफेल तसंच ठेवलं तर चालेल ना?

शेल_शॉक:
चालेल पण सर्व्हिसच्या युनिटमध्ये "रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा" टाका आणि मग डीमन-रीलोड. नाहीतर डिस्क नसताना सर्व्हिस रिकाम्या /डेटा फोल्डरमध्ये आनंदाने इंडेक्स बनवायला लागेल आणि रूट पार्टिशन भरून टाकेल.