हार्ली रीडला मिडफिल्डमध्येच ठेवायचं का?

पर्थकर: २०२३ च्या एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, आमच्या पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सनं पहिल्या नंबरला रीडला घेतलं तेव्हा आमच्या घरी सणच होता. पण २०२५ ला टीमनं २३ पैकी एकच मॅच जिंकली, जीव तुटतो हो बघताना. पोराला मिडफिल्डला, मधोमध खेळ सुरू होतो तिथं ठेवायचं की गोलसमोर? काय वाटतं?

जुना_ईगल: मिडफिल्डच! बॉल एका हातात, दुसऱ्या हाताचा पंजा टॅकलवाल्याच्या छातीवर, आणि हा सुटला की सुटलाच, ते बघायला मी पर्थच्या ऑप्टस स्टेडियमला जातो. फक्त दम वाढवायला हवा, चौथ्या क्वार्टरला मला तो थकलेला वाटतो.

मेलबर्नची_मावशी: मी कॉलिंगवूड क्लबवाली, तरी सांगते, घाई नको. आमचा निक डायकॉस २०२२ ला पहिल्या सीझनला बराचसा हाफ बॅकला (मागे, बचावात) खेळला आणि मग मिडफिल्डला गेला, तसं रीडलाही थोडा वेळ पुढे खेळवा, गोल मारू दे, अंगावर मार कमी बसेल.

जुना_ईगल: मावशी, थोडा वेळ चालेल. पण रागावर ताबा हवा, २०२४ ला टॅकलमध्ये समोरच्याला आपटलं म्हणून दोन मॅच बाहेर बसला होता.

पर्थकर: पटलं. पण खेळ सुरू होताना मधोमध तोच हवा मला.