माकडताप: दोष हवामानाचा की आपला?

रानवाट:
२०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसं दगावली, तेव्हापासून जो तो हवामानबदलाकडे बोट दाखवतो. मला पटत नाही. १९५७ मध्ये हा रोग शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. २०१५ ला गोव्यात सत्तरीत आला, मग आपल्याकडे. विषाणू पसरवते गोचीड. सलग रान तोडून मध्ये मध्ये काजू-रबर घुसवलं की माकडं, गुरं आणि माणसं एकाच पट्ट्यात येतात. यात तापमानाचा काय संबंध?

काजूबोंड:
म्हणजे गुन्हेगार आम्ही! काजू काय काल लावला? आजोबांच्या वेळचे बाग आहेत. तेव्हा कुणी तापाने गेलं तर गेलं, रक्त तपासतंय कोण? रोग जुनाच असेल, तपासणी नवी.

रानवाट:
माणसांचं एकवेळ मान्य. पण माकडं? तीही याच तापाने मरतात. वानर मेलं की वास सुटतो, अख्ख्या वाडीला कळतं. अशी ओळीने मेलेली माकडं तुमच्या आजोबांनी कधी सांगितली?

सड्यावरची:
तुम्ही दोघं बागेबद्दल भांडताय. ताप येतो तो काजूची बी वेचणाऱ्या बाईला. फेब्रुवारी ते मे पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, ओणवं राहून एकेक बी उचलायची, आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगामही तोच. तिळाएवढी असतात, चावल्याचं कळतसुद्धा नाही. गोचीड दूर ठेवायला अंगाला डीएमपी तेल लावा म्हणतात. एप्रिलच्या घामात किती टिकणार? लस होती, तीही कुचकामी ठरली म्हणून बंद झाली.

काजूबोंड:
हे बरोबर बोललात. आणि रानवाट, हवामानाचं इतकं हसण्यावारी नेऊ नका. अवकाळी पावसाने मोहोर जळतो, पुन्हा फुटतो. वेचणी लांबते, तितके दिवस बाई जास्त पातेऱ्यात.

रानवाट:
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी नवीन डोंगर उघडा करायला ही सबब नको.

सड्यावरची:
डोंगराचं तुम्ही बघा. मजुरीबरोबर तेलाची बाटली आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मालकाने द्यायला काय हरकत आहे?

काजूबोंड:
देऊ की. आफ्रिकेतून येणाऱ्या बीपुढे आमच्या गावठीला आधी भाव मिळू दे.

सड्यावरची:
भाव पडला की कात्री पहिली मजुरीलाच लागते, ते माहीत आहे. बाटलीचं उत्तर द्या.