मदत हवी आहे: चौथ्या लॅपनंतर माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी मागे का पडते?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं होंडाची सिव्हिक टाइप आर (एफएल५ पिढीची) ट्रॅकवर चालवतोय; फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. मित्राकडे टोयोटाची जीआर ८६ आहे, तिची ताकद मागच्या चाकांना. गेल्या ट्रॅक डेला (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) आम्ही गाड्यांची अदलाबदल केली, तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय.

कागदावर बरोबरी नाहीच. माझी २ लिटर टर्बो, ताकद ३०० हॉर्सपॉवरच्या वर. त्याची २.४ लिटर, बिनटर्बो, २३० च्या आसपास. माझी साधारण दीडशे किलोने जड आहे, पण सरळ रस्त्यावर ते जाणवतही नाही. पहिले तीन लॅप मी आरामात पुढे असतो. चौथ्यापासून वेळ घसरायला लागते आणि आठव्या लॅपला तो माझ्या मागच्या बंपरला चिकटलेला असतो. त्याची वेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत राहते.

सगळं बिनसतं ते लांबलचक उजव्या वळणावर. एपेक्सनंतर (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सगळ्यात जवळ येते तो बिंदू) ॲक्सिलरेटर द्यायला घेतला की वजन मागे सरकतं, आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. स्टिअरिंग आणखी वळवावं तर गाडी सरळच बाहेर जाते. पिटमध्ये येऊन पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेला रबराच्या वळ्या जमलेल्या, हात लावला तर चटका बसतो. मागचे टायर मात्र जवळजवळ नवे दिसतात. एकदा घाबरून पाय एकदम उचलला, तर मागची बाजूच फिरून पुढे यायला निघाली!

जीआर ८६ मध्ये त्याच वळणावर ॲक्सिलरेटर लवकर दिला तर मागची चाकं गाडीला वळणात ढकलतात. पुढच्या टायरला फक्त वळायचं काम. इतकं मोकळं मला माझ्या गाडीत कधीच वाटलं नाही, आणि माझी गाडी तर मला मनापासून आवडते.

आता कोणी म्हणेल, फ्रंट व्हील ड्राइव्ह मुळात कमीच. ते मला पटत नाही. याच एफएल५ ने २०२३ मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक ट्रॅकवर ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांची लॅप मारली होती. पण ती एकच लॅप. माझं सेशन वीस मिनिटांचं असतं.

मग हा दोष रचनेचा की माझ्या पायाचा? मी वळणात ब्रेक बराच आत नेतो. म्हणजे ब्रेक, वळण आणि ओढणं, तिन्ही कामं त्याच दोन टायरच्या माथी. ब्रेक आधी संपवून, आत जाताना थोडा वेग सोडून, स्टिअरिंग सरळ होईपर्यंत ॲक्सिलरेटर रोखला, तर टायर वाचतील का? लॅपमागे किती वेळ जाईल? पुढचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) वाढवून कोणाला फरक पडलाय का? थंड टायरला २८ पीएसआय भरतो, परत येतो तेव्हा ३८ झालेले असतात. हे जास्त आहे का?

आणखी एक. माझे टायर २६५ रुंद, त्याचे २१५. दोन्हींत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारी यंत्रणा) आहे. मग खरी तुलना करायची कशी? एकाच कंपाउंडचे (रबराच्या मिश्रणाचे) टायर लावून, आलटून पालटून सेशन करायचं ठरवतोय. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या ट्रॅकवर दामटल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या वेळी टायरचं तापमान आतली कड, मध्य आणि बाहेरची कड असं तीन ठिकाणी मोजून इथे टाकेन.