बहामुत, खवीस आणि अस्त्र

मालवण : सुट्टीला आलेला भाचा दिवसभर 'फायनल फँटसी' हा जपानी व्हिडिओ गेम खेळतो. त्यात 'बहामुत' नावाचा ड्रॅगन आहे. त्याच्या मते हे 'महाभूत'चं बिघडलेलं रूप. त्यात 'शिवा'ही आहे, मग हेही आपलंच असणार, असा त्याचा हेका. खरं काय?

रत्नागिरी : महाभूत नव्हे हो. उच्चार जुळला म्हणून कुळी जुळत नाही. बहामुत अरबी. पृथ्वीचा सगळा डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो अजस्र मासा : माशावर बैल, बैलावर माणकाचा खडक, खडकावर देवदूत आणि त्याच्या खांद्यावर पृथ्वी. आपल्या शेषाच्या फण्यापेक्षा हा मजल्यांचा हिशेब मोठा आहे! नावाचं मूळ हिब्रू बायबलातला अजस्र प्राणी 'बेहेमोथ'. तो मात्र बैलासारखा गवत खाणारा.

मालवण : मग माशाचो ड्रॅगन कोणी केल्यान?

रत्नागिरी : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वाल्यांनी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळाच्या कर्त्यांनी. १९७७ साली त्यांनी प्लॅटिनम ड्रॅगनला हे नाव दिलं. १९८७च्या पहिल्या 'फायनल फँटसी'त तो थेट ड्रॅगनांचा राजा. शिवाचं म्हणाल तर नाव आपलंच, पण तिथे ती बर्फाची देवी आहे. कैलासावरचा बर्फ तेवढा उरला म्हणायचा.

वेंगुर्ला : त्याच खेळातला 'इफ्रीत'ही अरबी, आगीचा जिन्न. आणि अरबी भुतं काय जपानलाच गेली? आपला खवीस बघा. अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट, नीच. तो आपल्याकडे इतका मुरला की तिन्हीसांजेला पोरांना दटावताना कोणी त्याचं मूळ गाव विचारत नाही.

अलिबाग : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या राक्षसाला वाघाचं तोंड आणि उलटे तळहात आहेत. उलटे पाय हडळीचे ऐकले होते, राक्षसाचे हात उलटे हे नवीनच. 'व्हॅलोरंट' या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममधली 'अ‍ॅस्ट्रा' म्हणजे अस्त्रच ना, काका?

रत्नागिरी : नाही रे बाबा, ती घानाची. नाव लॅटिन, 'तारे' या अर्थाचं. तिची सगळी करामत ताऱ्यांचीच आहे, खेळताना बघ. अस्त्र 'अस्' म्हणजे फेकणे या धातूवरून. त्याचा इथे संबंध नाही. उलट 'अ‍ॅस्ट्रा' आपल्या 'तारा' शब्दाची लांबची बहीण लागते. आपलं नाव हवंच असेल तर त्याच खेळातला हार्बर घे. भारतीय आहे, पाणी खेळवतो, आणि खरं नाव वरुण.