बहुप्रोसेसर संशोधनासाठी सामायिक एफपीजीए मंच: बोर्ड एक हवा की नियम एक हवेत?

समांतर:
बहुप्रोसेसर रचनांवर काम करणाऱ्या गटांनी आपापले बोर्ड बनवत बसण्याऐवजी एकच एफपीजीए (हवे ते सर्किट पुन्हापुन्हा बसवता येणारी चिप) मंच निवडावा, खर्च वाटून घ्यावा आणि त्यावरची आरटीएल, म्हणजे सर्किटचे संगणकीय वर्णन, सर्वांना खुली ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. यामागचे मुख्य कारण वेग हे आहे: यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा, म्हणजे सिम्युलेटरपेक्षा, एफपीजीए खूप जलद चालते. 2 गिगाहर्ट्झवर चालणारे 64 कोअर (प्रोसेसरमधले सूचना चालवणारे भाग) घड्याळाच्या दर चक्राला प्रत्येकी एक सूचना पार पाडतात असे धरले, तर त्या यंत्राचे एक सेकंद म्हणजे 12,800 कोटी सूचना होतात. तपशीलवार सिम्युलेटरने सेकंदाला एक लाख सूचना चालवल्या, तरी त्या एका सेकंदासाठी सुमारे 15 दिवस लागतील. या वेगावर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे काम करू शकत नाहीत, आणि चिप हाती येईपर्यंत सॉफ्टवेअरची बाजू खोळंबून राहते. बर्कली, स्टॅनफर्ड, एमआयटी आदी विद्यापीठांनी 2005च्या सुमारास हाती घेतलेल्या ‘रॅम्प’ या सामायिक एफपीजीए प्रकल्पाचा रोख याच अडचणीवर होता.

तर्कद्वार:
आकडेमोड मान्य आहे, प्रस्ताव मान्य नाही. सिम्युलेटरमध्ये कॅशचे (प्रोसेसरजवळच्या छोट्या, जलद मेमरीचे) धोरण बदलायचे तर एखादी फाइल बदलून थोड्याच वेळात पुन्हा कंपाइल करता येते. एफपीजीएवर तोच बदल सिंथेसिस (वर्णनाचे सर्किटमध्ये रूपांतर) आणि प्लेस-अँड-रूट (ते सर्किट चिपवर मांडणे व जोडणे) यांमधून जाताना तासन्‌तास खातो, आणि टायमिंग जुळले नाही, म्हणजे सर्किट ठरलेल्या घड्याळाच्या वेगाला पुरे पडले नाही, तर ते तास फुकट जातात. रचना ठरण्याआधी कल्पना भराभर तपासून टाकून देता येणे हेच संशोधनात सर्वांत मोलाचे असते. शिवाय बोर्ड जुने होतात. रॅम्पची सुरुवात पाच व्हर्टेक्स-2 प्रो एफपीजीए चिप असलेल्या बीईई2 बोर्डावर झाली, आणि काही वर्षांतच चार व्हर्टेक्स-5 चिपचा बीईई3 आणावा लागला. अशा वेळी मेमरी कंट्रोलर आणि चिपांमधल्या जोडण्या पुन्हा बसवण्याचे काम कोणाच्या गळ्यात पडणार? बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या, आणि त्याच्या प्रबंधात त्या कामाला जागा नसते.

समांतर:
मंच सामायिक नसला तर तेच काम प्रत्येक गटातल्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते. रॅम्पमधल्या ‘रॅम्प ब्लू’ या यंत्रात 21 बीईई2 बोर्ड जोडले होते आणि प्रत्येक बोर्डावरच्या पाचपैकी चार चिपांवर प्रत्येकी 12, असे एकूण 1008 मायक्रोब्लेझ (एफपीजीएवर बसवायचे छोटे प्रोसेसर) कोअर चालवून त्यांवर समांतर प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवले गेले. बोर्डापासून प्रत्येक गोष्ट स्वतः उभारणाऱ्या छोट्या गटाला एवढी मजल मारता येणार नाही.

मापक:
आपण दोघेही एफपीजीएवर अभ्यासातला प्रोसेसर जसाच्या तसा उतरवायचा असे धरून चालला आहात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. एफपीजीएवरचा कोअर साधारण 100 मेगाहर्ट्झवर धावतो, पण बोर्डावरची डीरॅम (मुख्य मेमरी) मात्र तिच्या खऱ्या वेगाने उत्तर देते. 100 नॅनोसेकंदांचा विलंब 2 गिगाहर्ट्झच्या कोअरला 200 चक्रांचा पडतो, इथे तो फक्त 10 चक्रांचा दिसेल, आणि अशा यंत्रावर मोजलेले कॅशचे निष्कर्ष सरळ चुकीचे निघतील. म्हणून अभ्यासातल्या यंत्राचा काळ बोर्डाच्या घड्याळापासून वेगळा मोजलाच पाहिजे. रॅम्पमधल्याच ‘रॅम्प गोल्ड’ या सिम्युलेटरने सूचनांचे कार्य आणि त्यांचा कालहिशेब अशी दोन प्रतिमाने (मॉडेल) वेगळी केली, आणि सूचना टप्प्याटप्प्याने पार पाडणाऱ्या एकाच पाइपलाइनवर आळीपाळीने 64 कोअर चालवून ते सारे एका व्हर्टेक्स-5मध्ये बसवले, कॅशचा आकार किंवा विलंब बदलण्यासाठी पुन्हा सिंथेसिसही करावे लागत नव्हते. सामायिक करायचे ते घटकांनी एकमेकांशी काळ जुळवत बोलण्याचे नियम. पुढे 2018मध्ये ‘फायरसिम’ या एफपीजीए सिम्युलेटरने काळ वेगळा ठेवण्याचे हेच तत्त्व ॲमेझॉनच्या भाड्याच्या एफपीजीएंवर वापरले आणि चार कोअरच्या 1024 सर्व्हरांचे जाळे चालवून दाखवले.

तर्कद्वार:
भाड्याच्या एफपीजीएंमुळे बोर्ड जुने होण्याचा माझा मुद्दा बराचसा सैल पडतो, हे खरे. पण कालहिशेबाचे प्रतिमान हे प्रतिमानच असते. एखादा नवा कोहेरन्स प्रोटोकॉल (सर्व कोअरांच्या कॅशमधली माहिती एकसारखी ठेवण्याची पद्धत) सिलिकॉनवर किती जागा घेईल, घड्याळ किती मंदावेल, हे त्यातून कळत नाही आणि त्यासाठी खरी आरटीएल लिहावीच लागते. हे नियम आणि त्यांच्या चाचण्या सांभाळायला पगारी अभियंता हवा. प्रस्तावाच्या मसुद्यात त्याच्या पगाराची तरतूद पहिल्या वर्षापासून नसेल, तर माझा विरोध कायम आहे.