'पोलीस प्रोसीजरल'ला मराठीत काय म्हणाल?

'मिडसमर मर्डर्स'वर लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडलो. ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९९७ साली सुरू झालेली मालिका. प्रकार 'पोलीस प्रोसीजरल', म्हणजे पोलीस गुन्ह्याचा छडा कसा लावतात ते दाखवणारी कथा. शब्दशः गेलं तर 'कार्यपद्धतीविषयक' असलं काहीतरी हाती लागतं. ते वाचून कोण मालिका बघेल? सुचवा.

— गुप्तहेरकथा? रुळलेला शब्द आहे.

— रुळलेला आहे, पण मालिकेचा नायक इन्स्पेक्टर बार्नबी गुप्त कुठे आहे? दारात उभा राहून ओळखपत्र दाखवतो, हुद्दा सांगतो. नुसतं 'हेर' म्हटलंत तरी गडबडच, डोळ्यांपुढे शत्रूच्या गोटात शिरलेला माणूस येतो. 'हेरणे' हे क्रियापद मात्र त्याला चपखल बसतं.

— मग सरळ रहस्यकथा म्हणा की.

— रहस्यकथेचा जीव शेवटात. मी हे भाग तीन-तीनदा पाहिलेत. एकात माणसाला क्रोके या चेंडूच्या खेळाच्या हिरवळीवर जखडून, दगडफेकीच्या जुन्या युद्धयंत्रातून त्याच्यावर वाइनच्या बाटल्या सोडतात. दुसऱ्यात एक बाई चीजच्या अजस्र चाकाखाली चिरडते. हे लख्ख आठवतं. खुनी कोण, ते विचारू नका, विसरलोय. तरी परत बघतो, म्हणजे ओढ रहस्याची नसणार. माझं मत 'तपासकथा'ला.

— 'तपास' पटतो, पण त्याला पंचनाम्याचा आणि ठशांचा वास येतो. या मालिकेत ते तोंडी लावण्यापुरतं. खरी मजा 'चौकशी' या शब्दात आहे. पोलीस चौकशी करतात. आजारी शेजाऱ्याचीही आपण चौकशीच करतो. आणि अनेकवचन झालं की 'नसत्या चौकशा'! मालिकेतल्या काल्पनिक मिडसमर परगण्यात हे तिन्ही अर्थ एकाच दिवाणखान्यात नांदतात. बार्नबी चहाचा कप हातात घेऊन तब्येत विचारतो, ती चौकशी. मधेच 'काल रात्री तुम्ही कुठे होतात?' विचारतो, तीही चौकशी. आणि पडद्याआडून बघणारी शेजारीण नसत्या चौकशा करत असते म्हणून तर त्याला धागा सापडतो. एवढी सुबक घरं, फुलांची प्रदर्शनं, चर्चच्या घंटा, आणि आत सगळ्यांचं सगळ्यांना माहीत. आपल्याला तेच बघायचं असतं.

— वा! पण 'चौकशीकथा' म्हटलं तर लोकांना रेल्वेच्या खिडकीची गोष्ट वाटेल.

— जाता जाता, नात्याचीही गंमत. २०११ मध्ये जॉन नेटल्स या नटाचा टॉम बार्नबी मालिकेतून बाहेर पडला आणि नील डजनचा जॉन बार्नबी नायक म्हणून आला. इंग्रजीत दोघं नुसते कझिन. मराठीत लगेच प्रश्न: चुलत की मामे? आडनाव एक, तेव्हा चुलत धरू. या आडनावामुळे जर्मनीत मालिकेचं 'इन्स्पेक्टर बार्नबी' हे नावही बदलावं लागलं नाही.

— ठीक, 'तपासमालिका' लिहितो आणि चौकशीचा मुद्दा तुमच्याकडून उसना घेतो. आता बार्नबीच्या हाताखालच्या सार्जंट ट्रॉयला काय म्हणू, हवालदार?

— नका. आपल्याकडे शिपाई आणि निरीक्षक यांच्यामध्ये हवालदार, सहायक फौजदार, उपनिरीक्षक अशा पायऱ्या आहेत. तिकडे कॉन्स्टेबल आणि इन्स्पेक्टरच्या मध्ये सार्जंट ही एकच. सार्जंटच राहू द्या.