हत्ती शब्द कन्नडचा म्हणे

खानापूरकर: काल एकानं टाकलंय, "हत्ती हा मूळ कन्नड शब्द, हत्तरगी गावाचं नाव बघा, मराठीनं तिथनंच उचलला." वाचून डोकंच फिरलं. अरे कन्नडात हत्तीला आने म्हणतात, तमिळात यानै, मल्याळममध्ये आना. कन्नडात 'हत्ती' म्हणजे कापूस! आपला शब्द आलाय हातावरनं. हस्त, हस्तिन्, प्राकृतात हत्थी, मग हत्ती. सोंड हाच त्याचा हात. ऋग्वेदात पण 'मृग हस्तिन्' आहे, म्हणजे हातवालं जनावर. लिहायच्या आधी बाजारात कापसाला काय म्हणतात एवढं तरी विचारायचं.

निपाणीकर: पोस्ट माझीच. संस्कृतचं नाव घेतलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं काय? अण्णा, अक्का, तूप कुठनं आले मग? माझी आजी कन्नड घरातली, हत्ती दाखवताना ती आनेच म्हणायची. शब्द इकडचे तिकडं जातातच. इंग्रजी एलिफंट बघा, ग्रीक लोक आधी हस्तिदंतालाच एलेफास म्हणायचे, जनावराला ते नाव मागनं पडलं.

शहापूरवाली: आजी आने म्हणायची म्हणजे हत्ती म्हणत नव्हती! खानापूरकर तेच सांगालेत. आणि एलिफंट बाहेरनं गेला म्हणून हत्तीपण तसाच आला, हे कुठलं लॉजिक?

नंदगडकर: तुम्ही शब्दावर भांडालायत, इकडं दांडेलीकडनं हत्ती येऊन आमचं भात तुडवून गेलेत. नुकसानीचा अर्ज द्यायला गेलो तर फॉर्म फक्त कन्नडात, मराठी आहे काय विचारलं तर साहेब म्हणतो आधी भाषा शीक.

निपाणीकर: झालं, आला सीमाप्रश्न. शिका की मग, कोण अडवतंय?

नंदगडकर: तोंड सांभाळून बोल. १९५६ ला आमचा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासनं घरात हेच ऐकालोय. कन्नड मला बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून भात माझं नव्हं काय?

चंदगडकर: फॉर्म मराठीत असून तरी काय होतंय? तेच हत्ती आमच्याकडं महाराष्ट्रात उतरतात, आमचा अर्ज मराठीतच होता, ऊस गेला तो गेलाच आणि पैसे अजून अडकलेत.

शहापूरवाली: म्हणून काय कन्नडातच ठेवायचा? पैसे मागनं, आधी काय लिहिलंय ते माणसाला वाचता यायला नको?

निपाणीकर: बरं, फॉर्म दोन्ही भाषेत पाहिजे, एवढं मान्य. हत्तीचं पण घ्या तुमचं. तूप मात्र कन्नडच, तिथं माघार नाही.

खानापूरकर: तूप कुणी नाकारलंय? नंदगडकर, शेताचे फोटो काढून ठेव, पंचनाम्याची कॉपी घे. मला कन्नड वाचता येतं, फॉर्म मी भरून देतो.